आग कुठल्या अंगानं लागली

उंब्रज
११ जानेवारी २०२५

सृष्टी,

मायना काय लिहावा सुचंना. 'चिरंजीव' लिहिलं, खोडलं. 'डॉक्टर' लिहिलं, तेबी खोडलं. हा तिसरा कागद हाय. म्हणून नुसतं नाव लिहितोय. ते मीच ठेवलेलं हाय.

हे घरगुती पत्र न्हाई, कामाचं हाय. गैरसमज नको. मला एवढंच इचारायचं हाय की बिबट्याची मादी पिलांपासनं किती दिस लांब राहती? फोन करता आला असता, तुझा नंबर हाय माझ्याकडं. पर फोनवर माझा आवाज 'हॅलो'लाच चढतोय असं तुझी आई म्हणती. तुझं आटपाडी काय लांब न्हाई, तीन-साडेतीन तासाचा रस्ता. पत्राला मातुर तीन दिस लागतील, आन् तवर हितं व्हायचं ते होऊन जाईल. मला कळतंय ते. तरी लिहितोय.

झालं असं. ओढ्याकडच्या अडीच एकराला काल दुपारी आग लागली. ओढ्याच्या अंगाला मोटरीचा खांब हाय न्हवं, त्याच्या तारेची ठिणगी पडली. वाळलेलं पाचट, त्याला काय लागतंय! तासाभरात रान काळंठिक्कर. जळका ऊस उभा ठेवून चालत न्हाई, म्हणून आज सकाळीच तोडणीची टोळी घातली. बीडची टोळी हाय. त्यात रंगूबाई म्हणून एक बाई हाय, कोयता असा चालवती की बगत ऱ्हावं. दहाच्या सुमाराला ती मधल्या सरीत गेली आन् थांबली. बोंब न्हाई, पळापळ न्हाई. कोयता खाली ठिवला आन् दोनी हात वर करून उभी ऱ्हायली. मी जाऊन बगितलं.

त्या गळक्या व्हॉल्व्हपाशी दोन पिल्लं.

तुझी आई दोन वर्सं माझ्या मागं लागलीया, "आवं, तेवढा व्हॉल्व्ह बदला, पाणी वाया जातंय." मी आज करतो, उद्या करतो. त्या व्हॉल्व्हच्या भवतीनं खाटंएवढी जागा ओली हुती, आन् तेवढीच जळली न्हाई. सगळं रान कोळसा, आन् मधी खाटंएवढं हिरवं. त्या हिरव्यात ही दोघं एकमेकांत गुरफटून पडलेली. डोळं नुकतंच उघडलेलं. एकाच्या मिशा होरपळलेल्या. सृष्टी, मी लय काय काय बगितलंय, सियाचीनला बगितलंय, पर माझ्या आळसानं कुणाचा जीव वाचलेला कवा बगितला न्हवता. मी टोपी काढली. का काढली म्हाईत न्हाई.

मग गर्दी. शेजारच्या हंबीररावाचा थोरला एक पिल्लू छातीशी धरून फोटो काढाय निघाला. मी असा वराडलो की त्याच्या हातातला मोबाईलच पडला.

दुपारी वनखात्याचा गार्ड आला, नानासो म्हणून. तो आला ते बरं झालं. पर जीपमधनं त्याच्या मागनं एक संस्थावाली पोरगी उतरली. संस्था म्हणलं की माझं डोस्कं कसं होतंय ते तुला सांगाय नको. सरकारी पशुवैद्याची नेमणूक तुझ्या हातात आली हुती. मी गावभर पेढं वाटलं हुतं, फाट्यावर तुझ्या फोटोचा फ्लेक्स लावला हुता. आन् तू ती नेमणूक सोडून रानातली जनावरं वाचवणाऱ्या संस्थेत गेलीस. तो फ्लेक्स मी सोताच्या हातानं उतरवला. आता कडब्याच्या गंजीवर घालतोय, फोटोची बाजू आत.

असू दे. पंचनामा झाला. आगीचं कारण इचारलं, ठिणगी म्हणून सांगितलं, सही केली. तुला कळवायचं एवढंच.

सुभेदार (नि.) मानसिंग निकम


१२ जानेवारी

सृष्टी,

कालचं पत्र अजून फाट्यावरच्या पेटीतच असंल. तरी दुसरं लिहितोय, कारण काल संध्याकाळी मी जे बगितलं ते कुणाला तरी सांगितल्याबिगर घास उतरंना. तुझ्या आईला सांगितलं, तर ती म्हणती, "ही पोरं असंच काम करत्यात, मला आधीच म्हाईत हाय." तिला कुणी सांगितलं ते मला म्हाईत हाय. रोज सांजच्याला पाणी तापवायचं निमित्त करून ती परसात जाती आन् फोनवर बोलती. चार वर्सं मी आंघोळीला तापलेलं पाणी घेतोय, आन् बंब कशानं एवढा येळ लावतोय ते मी एकदाबी इचारलं न्हाई. त्या बोलण्यात माझं आन् शेताचं नाव निघत न्हाई, तेबी मला म्हाईत हाय. मी खुळा न्हाई.

त्या पोरीचं नाव मयूरी. वाईची हाय, अंगानं काडी. तिनं हातमोजं घातलं, पिलांच्या छातीला नळी लावली, आन् शेतात दोनशे माणूस उभं असताना नुसतं बोट ओठावर ठिवलं. सगळी गप. मला परेडला एवढी शांतता करायला फेफडं फोडावं लागायचं. मग तिनं ड्रॉपरनं पाणी पाजलं, एक एक थेंब. मी घड्याळ बगितलं, चाळीस मिनटं. तिचा हात एकदाबी थरथरला न्हाई.

आन् मग खाकीतला नानासो त्या पोरीला इचारतो, "मॅडम, आता काय करू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला बाजूला घेतला. म्हणलं, "गड्या, वर्दी तुझ्या अंगावर, आन् ऑर्डर तिची?"

नानासो हसला. म्हणाला, "आवं सुभेदार, कायदा आमच्या हातात हाय, पर पिल्लू तिच्या हातात हाय. खात्याचा आन् संस्थेचा करारच तसा हाय. आमच्याबिगर तिला ह्या पिलाला शिवता येत न्हाई, आन् तिच्याबिगर आमाला पिल्लू जगवता येत न्हाई. आमी रस्तं अडवतो, माणसं हटवतो, जीप देतो. ती सांगती ते करतो. मागं एकदा आमी आमच्याच डोक्यानं केलं हुतं. पिल्लं उचलून हापिसात नेली, गायीचं दूध पाजलं, मायेनं. दोनी मेली."

मी म्हणलं, "आन् मान कुणाचा?"

तो म्हणाला, "पिलाच्या आईचा."

खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला न्हाई, ह्याचाच राग आला.

मग त्यांनी काय केलं बग. टोमॅटोचा क्रेट असतो न्हवं, तसला एक. त्यात शेतातलंच पाचट घातलं. पिल्लं ठिवली. वर झाकाण, पर कडी न्हाई, मादीनं पंजा लावला की उलटंल असं. दोन बाजूला खांबाला कॅमेरं बांधलं. मोटरी बंद, कुत्री बांधलेली, माणूस एक न्हाई. क्रेट ठिवायचा कुटं, तर ती म्हणाली, "आग ओढ्याकडून लागली म्हणजे आई रस्त्याच्या बाजूनं पळाली असणार, पलीकडच्या उभ्या उसात. ती तिकडूनच परत येईल." म्हणून क्रेट रस्त्याच्या अंगाला, हंबीररावाच्या उसाच्या तोंडाला. रस्त्याची नाकाबंदी तिनं माझ्यावर सोपवली. "सुभेदारसाहेब, एकही गाडी नको." एक सायकल सोडली न्हाई मी.

मादी आली न्हाई.

सकाळी पिल्लं क्रेटात तशीच. आवाज बारीक झालाय. मयूरीनं परत पाणी पाजलं. माझ्या तोंडाकडं बगून तिला काय वाटलं कुणास ठाऊक, पिशवीतनं अकरा पानांचा एक कागद काढून दिला. "वाचा, सगळं यात आहे. आम्ही याच्याबाहेर जात नाही." वर डाव्या हाताला सरकारी खात्याचं चिन्ह, उजव्या हाताला संस्थेचं, शेजारी शेजारी, एका मापाचं. उसात सापडलेली पिल्लं आईला परत कशी द्यायची, त्याची सगळी पद्धत. आन् खाली लेखन कुणाचं?

डॉ. सृष्टी मानसिंग निकम.

मी तीनदा वाचलं. ज्या दिवशी तू घर सोडलंस त्या दिवशी मी उंबऱ्यात उभा राहून म्हणलो हुतो, माझं नाव लावू नकोस. तुला पाठ असंल, मलाबी हाय. आन् तू ते सरकारच्या कागदावर मधोमध छापून बसलीस.

अकराच्या अकरा पानं वाचली. मोटरीच्या कट्ट्यावर बसून, दोनदा. जनावर कसा इचार करतं, ते किती भितं, आपण किती लांब उभं राहायचं, वारं कुठल्या बाजूनं पायजे. पोरी, हे तुला कुणी शिकवलं? माझ्या घरात तर कुणी कुणाचं एवढं ऐकून घेत न्हाई.

मयूरीला मी सांगितलं न्हाई तू कोण ते. निकम हितं घरोघरी, तिला काय संशय आला न्हाई.

मानसिंग


१३ जानेवारी, दुपारचं साडेतीन

सृष्टी,

आज भोगी. तुझ्या आईनं बाजरीची भाकरी आन् भोगीची भाजी मयूरीला शेतात पाठवली. तिनं बांधावर बसून खाल्ली आन् म्हणाली, "काकू, अशी भाजी आमच्या मॅडम करतात." मॅडम कोण ते तुझ्या आईला कळलं, मला कळलं, मयूरीला कळलं न्हाई की तिनं काय म्हणलं.

कालबी मादी आली न्हाई. कॅमेऱ्यात हंबीररावाचं मांजर आन् एक मुंगूस, बास. होरपळलेलं पिल्लू आता मान धरंना. नानासोच्या साहेबांनी कराडहून निरोप धाडलाय, आज आली तर आली, न्हाईतर उद्या पिल्लं पिंजऱ्यात न्यायची. नानासोला इचारलं, किती दिवस? तो म्हणाला, "किती दिवस काय सुभेदार? जन्मभर. आईनं शिकवल्याबिगर त्यांना शिकार येत न्हाई."

तवा मयूरीनं फोन लावला. स्पीकरवर, कारण तिच्या हातात पिल्लू हुतं. मी पाच पावलांवर उभा हुतो. हे तुला म्हाईत न्हाई, म्हणून सांगतोय. तुझा आवाज मी चार वर्सांनी ऐकला. वाईच जाड झालाय. सर्दी हाय का?

तू म्हणालीस, "आग कुठल्या अंगानं लागली, ते परत विचार. जनावर आगीच्या उलट्या बाजूला पळतं आणि पळालं तिथूनच परत येतं. क्रेट चुकीच्या बाजूला असेल तर ती रात्रभर दुसरीकडे हाका मारत बसेल."

मयूरी म्हणाली, "जबाबात ओढ्याकडून असं आहे मॅडम."

"जबाब कुणाचा? शेत कुणाचं आहे?"

"सुभेदार मानसिंग निकम म्हणून आहेत, उंब्रजचे."

फोन बंद पडला का काय म्हणून मयूरीनं बगितलं. मग तू म्हणालीस, "त्यांनी लिहून दिलंय ना? मग तेच धर. तो माणूस कुणाचं ऐकणार नाही, पण सरकारी कागदावर खोटी सही करणार नाही."

सृष्टी, मला फौजेत एकदा गोळी चाटून गेलीया. दंडाला. तवा एवढं लागलं न्हवतं.

आता ऐक. ठिणगीबिणगी काय न्हाई. आग मी लावली.

आठ दिवसांमागं टोळीला ह्या रानात बिबट्याचा माग दिसला. टोळीचा मुकादम जोतिबा, तो म्हणाला, बाया आत जायच्या न्हाईत. मी म्हणलं, मी काठी घेऊन पुढं चालतो. न्हाई. फटाकं वाजवतो. न्हाई. मग त्यानंच कानात सांगितलं, "जाळून टाका की सायेब, जनावर पळंल, आमी दुसऱ्या दिवशी तोडतो." आपल्याकडं साप निघाला तरी लोक फड जाळत्यात, ह्यात नवं काय न्हाई. पर मी आजवर कवा जाळला न्हवता. पाचट रानातच कुजवायचं, हे गावाला मी सांगत आलोय. म्हणून चोरून जाळला. भर दुपारी, सगळी जेवायला गेल्यावर, रस्त्याच्या अंगानं चिंधी पेटवून टाकली. ओढ्याची बाजू मोकळी ठिवली. म्हणलं, जाऊ दे बिचारीला तिकडनं. मला लय शाणपणाचं वाटलं हुतं ते. तिच्या पोटाशी पिल्लं असतील हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. आलं असतं तर? हे मी तीन दिवस सोताला इचारतोय, आन् उत्तर देत न्हाई.

पंचनाम्याला नानासोनं इचारलं तवा रस्त्याचं नाव तोंडात येईना. रस्ता म्हणलं की कोण गेलं, कोण आलं, कुणी बगितलं. म्हणून बोट ओढ्याकडच्या खांबाकडं गेलं. बोट गेलं आन् मागनं जबाब गेला. एवढंच. आन् त्या बोटावर दोन संध्याकाळी क्रेट रस्त्याच्या अंगाला बसला, आन् ती बिचारी ओढ्याच्या पलीकडं हाका मारत बसली असंल.

नाकाबंदी करत हुतो मी! तिच्या नसलेल्या वाटेची!

तुझा फोन बंद झाल्यावर मी विहिरीपाशी गेलो, तोंडावर पाणी मारलं आन् परत आलो. दोघांना सगळं सांगितलं. उभ्यानं, हात पाठीमागं बांधून, जसं साहेबाफुडं सांगत्यात तसं. मयूरीनं सूर्याकडं बगितलं, म्हणाली, "अडीच तास आहेत," आन् क्रेट उचलला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नानासो मातुर खाली बगून म्हणाला, "सुभेदार, क्रेट हलवायला कारण काय बी सांगता येतंय. हे मी ऐकलंच न्हाई असं म्हणू का?"

चांगला माणूस हाय. माझा भाऊ न्हाई, जावाई न्हाई, तरी लाज राखाय निघाला. मी म्हणलं, "न्हाई गड्या. लिही. आन् मी सही करतो." तिथंच बांधावर जबाब लिहिला. ह्या खेपंला बोट बरोबर गेलं.

नानासो हाक मारतोय. क्रेट ओढ्याच्या अंगाला ठिवलाय. मयूरी म्हणाली, "तुम्हाला न हलता पडून राहता येतं ना? मग चला." येतं की. तेवढं एक येतं.

तुझा बाप


१४ जानेवारी, संक्रांत

सृष्टी,

आली! आली ती!

रात्री झोप न्हाई, आन् आता लिहाय बसलोय. अक्षराला हसू नकोस.

विहिरीच्या दगडी काठामागं आमी तिघं पालथं पडलो. क्रेट तिथनं दोनशे पावलं. वारं ओढ्याकडनं आमच्याकडं, तू पान चारवर लिहिलंस तसं. सूर्य डोंगराच्या मागं गेला, अजून उजेड हुता. पिल्लं ओरडायला लागली. आधी मोठं, मग ते होरपळलेलं. आन् ओढ्यातनं जाब आला. खोल, फाटका, लाकूड करवतावं तसा. तिथंच हुती ती! तीन दिवस तिथंच हुती!

मग ती वर आली. एका जागी कायच न्हवतं, वाळलेलं गवत हुतं, आन् मग त्याच जागी ती बसलेली हुती. कवा आली ते तिघांपैकी कुणालाच कळलं न्हाई. मयूरीनं दुर्बीण माझ्या हातात दिली. मी बगितलं. तिच्या एका कुशीचं केस जळलेलं हुतं. म्हणजे ती आगीत परत शिरली हुती, सृष्टी. पळून गेली न्हवती. परत आत आली हुती आन् पिलांपर्यंत पोचता आलं न्हाई.

ती लय येळ बसली. आमच्याकडं सरळ बगत हुती. आमी तिला दिसत न्हाई असं मला वाटत हुतं, पर मला सांग, तिला दिसत न्हवतं का? दिसत हुतं. तिनं आमाला जोखलं. आमी हाललो न्हाई, मग उठली. क्रेटापाशी आली, भवतीनं फिरली, पंजा लावला. झाकाण पडलं. तो आवाज एवढा मोठा वाटला की मला वाटलं, गेली आता. गेली न्हाई. तोंड आत घातलं. चाटलं. चाटतच ऱ्हायली. होरपळलेल्या मिशांवरनं, डोक्यावरनं. मग मोठ्याला मानंला धरून उचललं आन् ओढ्यात उतरली.

दुसरं क्रेटात एकटं. ओरडतंय.

पाच मिनटं झाली, दहा झाली. उजेड गेला. नानासो कुजबुजला, "मॅडम, मोजता येतंय का तिला?"

मयूरी म्हणाली, "येतं की नाही माहीत नाही. थांबा."

मी देवाला काय काय बोललो ते लिहीत न्हाई. एवढंच बोललो की जे कमकुवत ऱ्हायलंय, ज्याला माझी झळ लागलीया, ते तिनं टाकू नये. पंचवीस मिनटं झाली. मयूरीच्या कॅमेऱ्याच्या डब्यावर काळोखात बगायचं यंत्र हाय, त्यात तिघं डोकी लावून बसलो. आन् आली. पळत आली ह्या खेपंला. आजूबाजूला बगितलं न्हाई, आमाला जोखलं न्हाई. ते एवढंसं लेकरू उचललं आन् गेली.

मी तोंड मातीत घातलं आन् रडलो. लपवत न्हाई. नानासोबी रडत हुता, वर्दीत. मयूरी तेवढी हसत हुती, आन् तिच्या नाकावर मसी लागलेली. ती म्हणाली, "दरवेळी असंच वाटतं, काका." साहेबाचा काका झालो मी एका रातीत.

पहाटंच टोळीच्या खोपटावर जाऊन रंगूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "येणारच हुती. माय हाय ती. तुमी वाट चुकवली हुती, तिनं न्हाई." तिला कुणी सांगितलं न्हवतं. तिला पहिल्या दिवसापासनं म्हाईत हुतं आग कुणी लावली ते, आन् तरी तिनं माझ्या रानात हात वर करून पिलांपाशी उभं ऱ्हाऊन राखण केली.

हे सगळं मी आटपाडीपासनं तीन तासांवर राहून चार वर्सं बगायचं टाळलं. तू रोज हे करतीस? रोज? आन् मी तुला म्हणलो हुतो, झोळी घेऊन फिरायचं काम हाय.

तिळगूळ तुझ्या आईनं डब्यात भरलाय. पाठवाय सांगती. मी म्हणलं, गोड बोलायचं मला जमंस्तवर थांब.

तुझा बाप


२१ जानेवारी

सृष्टी,

तुझं उत्तर आलं न्हाई. येईल असं मी धरलंबी न्हाई. चारी पत्रं पोचलीत हे कळलं, कारण तुझी आई परसात बंबापाशी रडत हुती आन् बंब पेटलेला न्हवता.

काल कराडला वनखात्याच्या हापिसात जाऊन आलो. गुन्हा नोंदला. साहेब म्हणाले, "कुणी पाहिलं नव्हतं, तुम्ही का सांगितलंत?" मी म्हणलं, "क्रेट चुकीच्या जागी हुता." त्यांना ते पुरं झालं. पुढं कोर्ट काय म्हणंल ते म्हणंल. गावात बोंब झालीया. हंबीरराव फाट्यावर लोकांना सांगतोय, "सुभेदार म्हणजे दुसऱ्याला शाणपण." खरं हाय, त्याला काय म्हणू?

एक इचारायचं हाय, त्यासाठी हे पत्र. तुझ्या त्या अकरा पानांवर, सरकारी शिक्क्याखाली, तुझ्या नावात मधी माझं नाव हाय. आन् आता त्याच खात्याच्या गुन्ह्याच्या कागदावरबी तेच नाव हाय. तुझा कागद घेऊन पोरं गावोगाव जात्यात. उद्या कुणी म्हणंल, पिल्लं वाचवायची पद्धत लिहिणारी ही, आन् पिल्लं जाळणारा हिचा बाप. तुला वाटलं तर माझं नाव काढ. मागं मी रागानं म्हणलो हुतो. आज रागानं म्हणत न्हाई. काढलंस तरी मी तोंडातनं शब्द काढणार न्हाई.

व्हॉल्व्ह बदलला न्हाई. बदलणारबी न्हाई. आईनंबी आता इचारायचं सोडलंय.

मानसिंग


१ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

सृष्टी,

हे पत्र टपालात टाकलं न्हाई, दाराच्या कडीला लावलंय. तू आलीस की पहिलं हेच दिसंल.

तुझा लखोटा गुरुवारी मिळाला. आत पत्र असंल म्हणून तुझ्या आईनं चष्मा आणून दिला. पत्र न्हवतं. तुझाच कागद हुता, नवा छापलेला. अकराची बारा पानं झालीत. दोनी चिन्हं तशीच शेजारी शेजारी. बाराव्या पानावर पेन्सिलीनं खूण केलेली हुती. मोठ्यानं वाचून दाखवलं आईला:

"जळालेल्या शेतात सर्वांत आधी विचारावे : आग कुठल्या अंगाने लागली. हे शेतमालकाला एकट्याला विचारावे, पंचनाम्याच्या आधी विचारावे, आणि धाक न दाखवता विचारावे. माणूस घाबरला तर बोट चुकीकडे जाते. खरी बाजू सांगणाऱ्यामुळे पिल्ले वाचली आहेत."

आन् खाली, डॉ. सृष्टी मानसिंग निकम.

पाठीमागं पेन्सिलीनंच, "शनिवारी दुपारच्या गाडीनं येते." बास, एवढंच.

पोरी, माझी चूक तू सरकारच्या कागदावर चढवलीस, आन् नाव खाली तसंच ठिवलंस. मी दोन दिवस तो कागद खिशात घेऊन फिरतोय. हंबीररावाला दाखवला. तो वाचून म्हणाला, "सुभेदार, पोरगी तुमच्यावर गेली न्हाई, हे बरं झालं." बऱ्याच वर्सांनी त्याचं एक वाक्य मला पटलं.

आता दार ढकल. कडी लावलेली न्हाई. आई आत हाय, तिनं सकाळपासनं तीनदा चहाचं आधण ठिवलंय. तिळगुळाचा डबा फडताळात हाय. कडब्यावरचा फ्लेक्स धुतलाय, फोटोची बाजू आता वर हाय, पावसानं वाईच उडालीस पर वळखू येतीस.

मी तुला घ्यायला फाट्यावर आलो न्हाई. याचं लय मनात हुतं. पाच वाजता अंघोळ करून टोपी घालून बसलो हुतो. मग पान चार आठवलं. आपण किती लांब उभं राहायचं ते.

मी गोठ्याच्या मागं हाय. तू घरात ये, फिर, बग, बस. मला हाक मारायची का न्हाई, ते तू ठरव. कितीबी येळ लागू दे, मी हलणार न्हाई.

आण्णा